दीर्घिकांची उत्पत्ती : एका कारणपरंपरेचा परिचय

गेल्या वर्षावासात आमच्या अभ्यासवर्गात सुत्तवाचन आटोपल्यावर एका तरुण उपासकाने प्रश्न विचारला. अंतराळातील नव्या दुर्बिणीला अतिप्राचीन काळातील दीर्घिका दिसल्या, त्या तेथे असावयास नको होत्या, म्हणून महास्फोटाचा सिद्धांत कोलमडला, असे त्याच्या वाचनात आले होते. "मग सर, जग कोणीतरी निर्माण केले असे म्हणणारेच खरे ठरले काय?" असे त्याने विचारले. आम्ही उत्तर देण्यापूर्वीच वर्गातील एक ज्येष्ठ उपासक म्हणाले, "विज्ञान आज जे सांगते ते तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे. अग्गञ्ञसुत्त काढा म्हणजे झाले." त्या दिवशी आम्ही दोघांचेही समाधान करू शकलो नाही. प्रस्तुत लेख त्या अपुऱ्या उत्तराची पूर्तता करण्यासाठी लिहीत आहोत.

आम्ही पालीचे अभ्यासक आहोत, खगोलशास्त्राचे नव्हे. तथापि या विषयावरील प्रमाण ग्रंथ व अलीकडील संशोधन यांचे वाचन करताना एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. संयुत्तनिकायातील निदानसंयुत्तात मोळियफग्गुन नावाचा भिक्षू 'वेदना कोण भोगतो?' अशा स्वरूपाचे प्रश्न विचारतो. भगवान त्यास सांगतात की प्रश्नाची ही मांडणीच योग्य नव्हे. कोणत्या कारणाने वेदना होते, असे विचारावयास हवे. 'कोण' या शब्दाच्या जागी 'कोणत्या कारणाने' हे शब्द घातले की प्रश्नाचे स्वरूपच पालटते. दीर्घिकांच्या उत्पत्तीचा जो शोध गेल्या शंभर वर्षांत लागला, त्यात शास्त्रज्ञांनी हाच दुसरा प्रश्न विचारलेला आहे. त्यांना मिळालेले उत्तर काय, त्याचा कोणता भाग पक्का आहे व कोणता भाग अद्याप वादाचा आहे, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

दीर्घिका म्हणजे काय?

निरभ्र रात्री, दिव्यांच्या झगमगाटापासून दूर गेल्यास, आकाशात जो दुधाळ पट्टा दिसतो त्यास आपण आकाशगंगा म्हणतो. ज्या प्रचंड तारकासमूहात आपला सूर्य आहे, त्याचे आतून दिसणारे ते रूप होय. या समूहात किमान दहा हजार कोटी तारे आहेत. तारे, वायू, धूळ आणि डोळ्यांस न दिसणारे द्रव्य यांच्या अशा एकत्र बांधलेल्या समूहास मराठीत 'दीर्घिका' ही संज्ञा रूढ आहे.

आपल्या आकाशगंगेबाहेर अशा इतर दीर्घिका आहेत, हे ज्ञान फार जुने नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी आकाशातील सर्पिल अभ्रिका आपल्याच तारकासमूहात आहेत की बाहेर, याविषयी विद्वानांत तीव्र मतभेद होते. हेन्रिएटा लेव्हिट या विदुषीने १९१२ साली एका विशिष्ट प्रकारच्या स्पंदमान ताऱ्यांचा तेजस्वितेशी असलेला नियम प्रसिद्ध केला. त्या नियमाचा आधार घेऊन एडविन हबल याने १९२३-२४ मध्ये देवयानी अभ्रिकेतील ताऱ्यांचे अंतर काढले आणि ती आपल्या समूहाच्या फार बाहेर असल्याचे सिद्ध केले. आजच्या मापनानुसार ते अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे आहे. पुढे १९२७ साली जॉर्ज लमेत्र याने सैद्धांतिक अंगाने व १९२९ साली हबलने निरीक्षणांच्या आधारे हे दाखविले की दूरच्या दीर्घिका आपणापासून दूर जात आहेत आणि जी जितकी दूर, तितका तिचा वेग अधिक. अर्थात विश्व प्रसरण पावत आहे.

येथे एक मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. प्रकाशास प्रवासास वेळ लागतो. देवयानी दीर्घिकेचा आज आपल्या डोळ्यांत शिरणारा प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी तेथून निघालेला आहे. जितके दूर पाहावे तितका भूतकाळ दिसतो. खगोलशास्त्रज्ञाला प्राचीन काळाविषयी अनुमानच करावे लागते असे नाही. पुरेशी मोठी दुर्बीण असल्यास तो काळ त्याला प्रत्यक्ष पाहता येतो.

एक लक्षांश असमता

विश्वाचे वय आज सुमारे १,३८० कोटी वर्षे मानले जाते. आरंभीचे विश्व अत्यंत तप्त व घन होते. त्यात हायड्रोजन, हीलियम व अत्यल्प लिथियम यांची अणुकेंद्रके बनली. इतर मूलद्रव्ये जवळजवळ नव्हतीच. सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी तापमान तीन हजार अंशांपर्यंत उतरले, तेव्हा अणुकेंद्रके व इलेक्ट्रॉन एकत्र येऊन अणू बनले आणि तोवर कोंडलेला प्रकाश मोकळा झाला. तो प्रकाश आजही सर्व दिशांनी येत आहे. मात्र विश्वाच्या प्रसरणामुळे त्याच्या लहरी सुमारे ११०० पट ताणल्या जाऊन सूक्ष्मतरंगांच्या रूपाने त्या आपणास मिळतात. हे प्रारण १९६५ साली पेंझियास व विल्सन या दोघांना आढळले.

हे प्रारण सर्व दिशांना विलक्षण सारखे आहे. ते पूर्णतः सारखे असते, तर दीर्घिका कधीच घडल्या नसत्या. सर्वत्र द्रव्य समसमान असेल, तर कोणत्याही कणाने एका बाजूस सरकावे असे कारणच उरत नाही. १९९२ साली 'कोबे' या उपग्रहाच्या निरीक्षणांवरून जाहीर झाले की या प्रारणाच्या तापमानात सुमारे एक लक्षांश इतका फरक आढळतो. पुढे 'डब्ल्यूमॅप' व 'प्लँक' या यानांनी या फरकाचे अतिशय बारकाईने मापन केले. एक लाख भागांत एक भाग कमी-अधिक, एवढ्या सूक्ष्म असमतेतून पुढील सर्व रचना उद्भवली, हा या विषयाचा गाभा होय. जेथे द्रव्य किंचित अधिक होते तेथे गुरुत्वाकर्षण किंचित अधिक होते. म्हणून तेथे आणखी द्रव्य ओढले गेले. त्यामुळे गुरुत्वाकर्षण आणखी वाढले. जेथे कमी होते तेथून द्रव्य निसटत गेले. आज दीर्घिकांच्या प्रचंड साखळ्या व त्यांमधील रिकामे प्रदेश दिसतात, ते या क्रियेचे फळ आहे.

हिशेब जुळत नव्हता

परंतु इतक्याने भागत नाही. अणू बनण्यापूर्वी साध्या द्रव्यावर प्रकाशाचा एवढा दाब होता की त्याचे पुंजके बांधले जाणे शक्य नव्हते. अणू बनल्यानंतर ते मोकळे झाले. तेव्हापासून आजवर विश्व सुमारे ११०० पट विस्तारले आहे आणि गणित असे सांगते की या काळात असमतेची वाढ स्थूलमानाने विस्ताराच्या प्रमाणातच होते. एक लक्षांशाला ११०० ने गुणावे, तर उत्तर येते सुमारे एक शतांश. म्हणजे आज एका जागी द्रव्य सरासरीपेक्षा शेकडा एक टक्का अधिक असावयास हवे होते. प्रत्यक्षात दीर्घिकेतील द्रव्याची घनता विश्वाच्या सरासरीपेक्षा हजारो पटींनी अधिक आहे. केवळ साध्या द्रव्याच्या आधारे हिशेब केला, तर १,३८० कोटी वर्षे पुरत नाहीत आणि हा लेख वाचावयास कोणीही उरत नाही.

या कोड्याचे उत्तर अदृश्य द्रव्यात मिळते. दीर्घिकासमूहांत दिसते त्यापेक्षा पुष्कळ अधिक द्रव्य असले पाहिजे, असे फ्रिट्झ झ्विकी याने १९३३ सालीच म्हटले होते. तेव्हा फारसे कोणी ऐकले नाही. १९७० व त्यापुढील वर्षांत व्हेरा रुबिन व केंट फोर्ड यांनी दीर्घिकांच्या भ्रमणाचा अभ्यास केला. मध्यापासून दूरचे तारे मंदगतीने फिरावेत अशी अपेक्षा होती. ते जवळजवळ तितक्याच वेगाने फिरताना आढळले. न दिसणारे द्रव्य त्यांना धरून ठेवीत असले पाहिजे, हे तेव्हापासून बहुतेकांस पटू लागले. या द्रव्याचा प्रकाशाशी संबंध येत नाही. म्हणून प्रकाशाचा दाब त्याला अडवू शकला नाही आणि साधे द्रव्य कोंडलेले असतानाच याचे पुंजके बांधले जाऊ लागले. पुढे साधा वायू मोकळा झाला, तेव्हा तो या आधीच तयार असलेल्या खोलग्यांत ओढला गेला. आजच्या मापनानुसार विश्वातील एकूण ऊर्जा-द्रव्यांपैकी साधे द्रव्य सुमारे ५ टक्के, अदृश्य द्रव्य सुमारे २७ टक्के व उरलेली अदृश्य ऊर्जा आहे.

हे अदृश्य द्रव्य कोणत्या कणांचे आहे, हे मात्र अद्याप कोणत्याही प्रयोगशाळेत सिद्ध झालेले नाही. ही या सिद्धांतातील उघडी बाजू आहे व ती झाकण्याचे कारण नाही.

आधी लहान की आधी मोठे?

दीर्घिका कोणत्या क्रमाने घडल्या, यावरही मतभेद होते. १९६२ साली एगन, लिंडेन-बेल व सँडेज यांनी प्रतिपादन केले की आपली आकाशगंगा एका प्रचंड वायुमेघाच्या एकदम आकुंचनाने बनली. १९७८ साली सर्ल व झिन यांनी ताऱ्यांच्या गुच्छांचा अभ्यास करून ती अनेक लहान तुकड्यांच्या मीलनाने सावकाश घडली असे मांडले. त्याच सुमारास सोव्हिएत रशियात झेल्डोविच यांच्या परंपरेतील विद्वानांचे मत असे होते की प्रथम दीर्घिकासमूहांएवढ्या विराट चपट्या रचना बनल्या व त्या फुटून दीर्घिका झाल्या. अदृश्य द्रव्य अतिवेगवान कणांचे असेल, तर असेच घडेल. १९८० नंतरच्या दशकात संगणकावर या दोन्ही शक्यता करून पाहण्यात आल्या. वेगवान कणांच्या प्रतिमानातून आपणास दिसते तसे विश्व निघेना. मंदगती कणांच्या प्रतिमानातून ते बरेचसे निघाले. तेव्हापासून आधी लहान व मागाहून मोठे, हा क्रम सामान्यतः स्वीकारला गेला. २००५ साली 'मिलेनियम' नावाच्या गणनेत सुमारे एक हजार कोटी कणांच्या आधारे विश्वाची वाढ संगणकावर रेखाटण्यात आली. तीत दिसणारे जाळे प्रत्यक्ष दीर्घिकांच्या नकाशाशी पुष्कळ जुळते.

निवल्यावाचून ज्योत नाही

अदृश्य द्रव्याचे पुंजके जमले म्हणजे दीर्घिका झाली असे नव्हे. तारे साध्या वायूतून जन्मतात आणि वायू दाबला की तापतो, तापला की फुगू पाहतो. एखादा वायुमेघ स्वतःच्या भाराने केव्हा कोसळेल व केव्हा सावरून राहील, याचा नियम जेम्स जीन्स याने १९०२ सालीच मांडला होता. मेघ कोसळावयाचा तर त्यातील उष्णता बाहेर निघून गेली पाहिजे. तारा हा अतितप्त गोळा खरा. पण तो जन्मण्यासाठी वायूला आधी निवावे लागते. सायमन व्हाइट व मार्टिन रीस यांनी १९७८ साली हा विचार दीर्घिकांना लावला. अदृश्य द्रव्य प्रकाश टाकीत नाही, म्हणून त्याला निवता येत नाही व ते विरळ, विस्तीर्ण राहते. साधा वायू प्रकाश टाकून निवतो, म्हणून तो मध्यभागी उतरून दाट होतो. उतरताना त्याची मूळची किंचित फिरकी वाढत जाते व त्यामुळे चकती बनते. आपली आकाशगंगा चपटी का, याचे कारण हे आहे.

प्रारंभीच्या विश्वात वायू निवणे विशेष कठीण होते. आज वायुमेघांत कार्बन, ऑक्सिजन व धूळ असते. ही उष्णता झपाट्याने बाहेर टाकतात. तेव्हा हायड्रोजन व हीलियम यांखेरीज काही नव्हते आणि हे अणू सुमारे दहा हजार अंशांखाली उष्णता टाकण्यास जवळजवळ असमर्थ असतात. त्या काळी दोन हायड्रोजन अणूंच्या संयोगाने बनलेल्या थोड्याशा रेणूंनी ते कार्य केले. परंतु ते कार्य अपुरे होते. वायू काही शेकडा अंशांहून खाली निवेना. म्हणून मेघांचे लहान तुकडे पडले नाहीत आणि पहिले तारे सूर्याच्या दसपट ते शेकडो पट वस्तुमानाचे झाले असावेत, असे गणित सांगते. सुमारे १० ते २० कोटी वर्षांच्या सुमारास हे तारे उजळले असावेत. असा तारा निर्विवादपणे अद्याप कोणास दिसलेला नाही.

एवढे मोठे तारे अल्पायुषी असतात. काही दशलक्ष वर्षांत त्यांचे इंधन संपते. त्यांतील अनेकांचा स्फोट झाला व त्यांच्या अंतरंगात तयार झालेली मूलद्रव्ये भोवतालच्या वायूत मिसळली. पुढील पिढीच्या वायूला निवणे सोपे झाले व लहान, दीर्घायुषी तारे बनू लागले. आपल्या हाडांतील कॅल्शियम, रक्तातील लोह व श्वासातील ऑक्सिजन ताऱ्यांतच तयार झालेला आहे. त्याच वेळी या ताऱ्यांच्या जंबुपार प्रकाशाने दीर्घिकांमधील हायड्रोजनचे अणू पुन्हा फुटू लागले. विश्वाच्या वयाच्या सुमारे १०० कोटी वर्षांपर्यंत ही क्रिया जवळजवळ पूर्ण झाली व विश्व पारदर्शक झाले.

येथे एक प्रतिबंधक कारणही काम करते. फुटणारे तारे व मध्यभागी वाढणारी कृष्णविवरे वायूला तापवतात, उडवून लावतात. त्यामुळे सर्व वायू एकदम ताऱ्यांत रूपांतरित होत नाही. फार थोडा होतो. दीर्घिका ही अशा पोषक व रोधक कारणांच्या समतोलाने घडते.

आपल्याच घरातील पुरावा

लहान समूह मिळून मोठा होतो, याचा पुरावा आपल्या आकाशगंगेतच आहे. 'गाया' या युरोपीय यानाने शंभर कोटींहून अधिक ताऱ्यांची स्थाने व गती मोजली. २०१८ साली दोन संशोधकगटांनी स्वतंत्रपणे दाखविले की आकाशगंगेच्या बाह्य भागातील पुष्कळ तारे इतरांच्या प्रवाहाबरोबर न फिरता लांबट कक्षांतून निराळेच फिरतात आणि त्यांच्यातील मूलद्रव्यांचे प्रमाणही वेगळे आहे. ते तारे येथे जन्मलेले नाहीत. सुमारे एक हजार कोटी वर्षांपूर्वी एक लहान दीर्घिका आपल्या आकाशगंगेत विलीन झाली, तिचे ते अवशेष होत.

आम्हांस ही पद्धती परिचयाची वाटली. एखाद्या सुत्तात गद्याच्या मध्ये वेगळ्या छंदाच्या, जुन्या रूपांच्या गाथा आढळल्या की पालीचा अभ्यासक ओळखतो की या भागाचा उगम निराळा आहे व तो येथे मागाहून जोडला गेला आहे. कोणी सांगितले म्हणून नव्हे, तर भाषेची साक्ष तशी आहे म्हणून. ताऱ्यांच्या बाबतीत गती व मूलद्रव्ये हीच ती भाषा. असे विलीनीकरण आजही चालू आहे. १९९४ साली सापडलेली धनू राशीच्या दिशेची एक लहान दीर्घिका याच क्षणी आकाशगंगेत विरत आहे.

नव्या दुर्बिणीने काय दाखविले?

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे वळू. अमेरिका, युरोप व कॅनडा यांच्या अंतराळसंस्थांनी मिळून उभारलेली जेम्स वेब दुर्बीण २५ डिसेंबर २०२१ रोजी अंतराळात गेली. तिचा आरसा ६.५ मीटर व्यासाचा असून ती पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर आहे. ती अवरक्त प्रकाश पाहते. अतिदूरच्या दीर्घिकांचा प्रकाश ताणला जाऊन अवरक्तात गेलेला असतो, म्हणून या कार्यास अशीच दुर्बीण हवी होती. जुलै २०२२ पासून तिची निरीक्षणे प्रसिद्ध होऊ लागली व अपेक्षेपेक्षा अधिक तेजस्वी दीर्घिका फार प्राचीन काळात दिसू लागल्या.

त्यानंतर जे घडले ते क्रमाने पाहण्यासारखे आहे. २०२२ साली एका दीर्घिकेविषयी असा दावा झाला की ती विश्वाच्या वयाच्या सुमारे २४ कोटी वर्षांच्या काळातील आहे. हा दावा निरनिराळ्या रंगांतील छायाचित्रांवर आधारलेला होता. २०२३ साली तिचा वर्णपट घेण्यात आला, तेव्हा ती सुमारे १२० कोटी वर्षांच्या काळातील निघाली; धूळ व तेजस्वी वायू यांमुळे तिचा रंग फसवा झाला होता. त्याच तपासणीत दुसरी एक दीर्घिका मात्र खरोखरच सुमारे ३९ कोटी वर्षांच्या काळातील असल्याचे सिद्ध झाले. दावा करणारे व तपासणारे यांत पुष्कळ जण तेच होते.

फेब्रुवारी २०२३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात सहा दीर्घिकांविषयी निबंध प्रसिद्ध झाला. विश्वाच्या वयाच्या ५० ते ७० कोटी वर्षांतच त्या इतक्या वजनदार दिसत होत्या की त्या काळी उपलब्ध असलेला सर्व वायू ताऱ्यांत गेला असे मानले तरच हिशेब जुळावा. सिद्धांत कोलमडल्याच्या वार्ता मुख्यत्वे येथून पसरल्या. पुढील तपासात आढळले की अशा लहान, लाल ठिपक्यांसारख्या दिसणाऱ्या अनेक वस्तूंचा पुष्कळसा प्रकाश ताऱ्यांचा नसून मध्यभागीच्या वाढत्या कृष्णविवराभोवतालच्या तप्त वायूचा आहे. तो वगळला की ताऱ्यांचे वस्तुमान कमी भरते. २०२४ मधील एका विस्तृत विश्लेषणानुसार अशा वस्तू बाजूला काढल्यावर उरलेल्या दीर्घिका सिद्धांताच्या मर्यादेत बसतात. तथापि मोठ्या दीर्घिकांची संख्या अपेक्षेहून अधिकच राहते.

म्हणजे सर्व काही मिटले असे नाही. २०२४ साली सुमारे ३० कोटी वर्षांच्या काळातील एक तेजस्वी दीर्घिका वर्णपटाने निश्चित झाली. २०२५ साली तिच्यात ऑक्सिजनही आढळला, याचा अर्थ तोवर ताऱ्यांची किमान एक पिढी जन्मून नष्ट झाली होती. २०२५ सालीच त्याहून किंचित आधीची, सुमारे २८ कोटी वर्षांच्या काळातील दीर्घिका जाहीर झाली. इतक्या तेजस्वी दीर्घिका इतक्या लवकर का, यावर आज वाद आहे. त्या काळी वायू अधिक दाट असल्याने तारे अधिक कार्यक्षमतेने बनले असावेत. तारे सातत्याने न बनता एकदम उफाळून बनले असावेत. धूळ कमी असल्याने त्या उजळ दिसत असाव्यात. किंवा मोठ्या ताऱ्यांचे प्रमाण अधिक असावे. यांपैकी कोणते कारण किती, हे ठरावयाचे आहे.

वाचकांच्या ध्यानात येईल की वाद 'वेग किती' याविषयी आहे. सूक्ष्म असमता, गुरुत्वाकर्षण, अदृश्य द्रव्य, वायूचे निवणे व विलीनीकरण ही कारणमालिका नव्या दुर्बिणीने मोडलेली नाही. शिवाय महास्फोटाचा आधार सूक्ष्मतरंग प्रारण, विश्वाचे प्रसरण व हलक्या मूलद्रव्यांचे प्रमाण हा आहे. तो या दीर्घिकांवर अवलंबून नाही.

पुणे परिसरातील काम

या शोधात आपल्या प्रदेशाचाही वाटा आहे. जुन्नरची लेणी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. त्याच तालुक्यातील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिने केलेल्या आकाशसर्वेक्षणातून २०१८ साली सुमारे १,२०० कोटी वर्षांपूर्वीची एक रेडिओ दीर्घिका उजेडात आली. २०२५ साली पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन व योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेबच्या निरीक्षणांतून, विश्वाचे वय सुमारे १५० कोटी वर्षे असतानाची एक सुस्पष्ट सर्पिल दीर्घिका शोधली व तिला 'अलकनंदा' हे नाव दिले. अशी नीटस चकती व भुजा घडण्यास याहून पुष्कळ अधिक काळ लागत असावा, असा समज होता. तोही आता तपासावा लागेल.

महास्फोटास आयुष्यभर विरोध करणारे जयंत नारळीकर (निधन २०२५) हेही पुण्याचेच. १९९३ साली फ्रेड हॉइल व जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी वेगळा पर्यायी सिद्धांत मांडला. ज्या आयुका संस्थेचे ते संस्थापक संचालक होते, त्याच संस्थेत ठाणू पद्मनाभन काम करीत होते आणि त्याच १९९३ साली त्यांचा महास्फोटाच्या चौकटीत विश्वरचनेची घडण सांगणारा ग्रंथ प्रसिद्ध झाला. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी नारळीकरांचा पर्याय स्वीकारला नाही. परंतु दोन परस्परविरोधी मते एका छपराखाली, परस्परांविषयी आदर राखून, पुराव्याच्या आधारे नांदू शकली, ही गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते.

दोन उत्तरे, एकच दोष

आता त्या ज्येष्ठ उपासकांविषयी. दीघनिकायातील अग्गञ्ञसुत्तात लोकाच्या संवर्त व विवर्ताचे, म्हणजे आकुंचन व विकासाचे, वर्णन आहे हे खरे. परंतु ते सुत्त वासेट्ठ व भारद्वाज या ब्राह्मणकुळातून आलेल्या दोघांस उद्देशून आहे आणि जन्माने कोणी श्रेष्ठ ठरत नाही, समाजातील वर्ग कर्म व व्यवहार यांतून पडले, हे पटवणे हा त्याचा हेतू आहे. त्यातील वर्णनात आधी सर्वत्र पाणी व अंधार आहे. त्यातून दीर्घिकाशास्त्र काढू पाहणे म्हणजे सुत्ताचा मूळ बाण बोथट करणे होय. चूळमालुंक्यसुत्तात तर लोक शाश्वत की अशाश्वत, सान्त की अनन्त, हे प्रश्न भगवंतांनी अव्याकृत ठेवले आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात केवळ तर्ककल्पनांवर आधारलेल्या श्रद्धेची व ग्रंथांच्या अचूकतेवरील विश्वासाची गणना अधम्मात केली आहे, हेही स्मरणात ठेवावे.

याला एक व्यावहारिक कारणही आहे. बुद्धवचन खरे, कारण ते आजच्या विज्ञानाशी जुळते, असे आपण म्हणू लागलो, तर उद्या विज्ञानाने आपला आकडा दुरुस्त केला की बुद्धवचनही डळमळीत होईल. आणि विज्ञान आपला आकडा दुरुस्त करणारच. वर सांगितलेली उदाहरणे त्याचीच आहेत.

त्या तरुणास आमचे उत्तर असे : सिद्धांतात एक जागा रिकामी दिसली म्हणून तेथे निर्माता बसत नाही. 'कोणत्या कारणाने' या प्रश्नाचे उत्तर अपुरे असेल, तर तोच प्रश्न अधिक नेटाने विचारावयाचा असतो. तो टाकून 'कोण' या प्रश्नाकडे परतावयाचे नसते. ज्येष्ठ उपासकांस आमचे नम्र निवेदन असे की उत्तर आपल्या ग्रंथात आधीच होते असे म्हटल्याने शोध तिथेच थांबतो. दोन्ही उत्तरांत तपासणीचे कष्ट टाळलेले आहेत, हा त्यांचा समान दोष होय.

पुढील वर्षावासात अभ्यासवर्गातील मुलांना घेऊन खोडदला जाण्याचा व परतताना जुन्नरची लेणी पाहण्याचा आमचा विचार आहे. दोन्ही ठिकाणी जे दिसेल ते नीट पाहावे, जे दिसत नाही त्याविषयी घाईने बोलू नये, एवढीच शिकवण आम्ही त्यांना देणार आहोत.